माणूस निघालाय

लिफ्टमध्ये अडकलात की दाराशेजारी एक लाल बटण दिसतं. ते दाबलं की कुठेतरी घंटा वाजते. ते कुठेतरी म्हणजे माझं टेबल. मी फोन उचलतो आणि म्हणतो, "घाबरू नका. आत किती जण आहात? माणूस निघालाय."

सहा वर्षं मी या तीन वाक्यांवर पोट भरतोय. आमच्या कंपनीच्या शहरभर चारशे बारा लिफ्ट आहेत आणि त्या सगळ्यांची लाल बटणं एकाच खोलीत, एकाच टेबलावर, एकाच फोनला येऊन मिळतात. खोली हेड ऑफिसच्या तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. खिडकी नाही. रात्रपाळीला दुसरा एक जण असतो. सहा वर्षांत आमचं बोलणं झालेलं नाही, पण एकमेकांच्या खुर्चीची ऊब आम्ही ओळखतो.

"माणूस निघालाय" यातला माणूस म्हणजे आमचा मिस्त्री. तो एकच आहे. मी हे वाक्य म्हणतो तेव्हा तो बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीत कमरेइतक्या खड्ड्यात उतरलेला असतो. म्हणजे मी खोटं बोलतो असं नाही. माणूस निघालेला असतोच. फक्त तुमच्याकडे नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. हे मी अजून घरी सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, चारला दहा मिनिटं कमी असताना घंटा वाजली आणि मी फोन उचलला नाही. झोपलो नव्हतो. जागेवर नव्हतो असंही नाही. फोन समोर होता, हात टेबलावर होता, दोघांमध्ये वीतभर अंतर होतं. मी हाताकडे बघत होतो. हात फोनकडे बघत होता. घंटा वाजत होती. मी मनात म्हटलं, "उचल." हाताने ऐकलं नाही. एखाद्या लग्नाला नाइलाजाने आलेल्या पाहुण्यासारखा तो नुसता बसून राहिला.

अकरा वेळा वाजली. मग थांबली. भिंतीपलीकडून गचका बसल्याचा आवाज आला आणि लिफ्ट आपोआप चालू झाली. भिंतीपलीकडून आवाज आला, कारण फोनवरच्या छोट्या पडद्यावर आकडा होता 'लिफ्ट १', आणि लिफ्ट १ म्हणजे आमच्याच इमारतीतली. माझ्या पाठीमागून, विटेच्या एका थरापलीकडून वर-खाली जाणारी. कुणीतरी आत होतं. कुणीतरी अकरा घंटा ऐकत उभं होतं. मग ते कुणीतरी कुठल्या तरी मजल्यावर उतरलं आणि आपल्या जागेवर जाऊन कामाला लागलं.

कोण, ते मला माहीत नाही. त्या दिवसापासून इमारतीत माझ्याकडे जो बघेल तो मला 'तो' वाटायला लागला, आणि जो बघणार नाही तो तर नक्कीच 'तो'. कॅन्टीनमध्ये एकाने "मीठ देता का?" असं विचारलं तर मला घाम फुटला. माणूस मिठाबद्दल बोलत नाहीये, हे उघड होतं.

पण खरी भीती ती नव्हती. नोकरी गेली तर गेली. जिन्याखालच्या खोलीपासून दूर जायला मिळालं असतं. खरी भीती अशी, की उद्या परत वाजेल, आत एखादी धाप लागणारी आजी असेल, आणि हा हात पुन्हा पाहुण्यासारखा बसून राहील. हात तोच होता. मी त्याला रोज कामावर घेऊन जात होतो.

शेवटी डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता : 'कामाचा अतिथकवा – दहा लक्षणे.' झोप न लागणे. लागली तरी न पुरणे. पूर्वी जमणारी साधी कामे न होणे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येणे. बारीकसारीक आवाजांनी दचकणे. मी बोटं मोजत गेलो. नऊ झाली. दहावं लक्षण होतं, 'आपल्याला काहीही झालेले नाही असे ठामपणे वाटणे.'

"नऊ आहेत," मी आत जाऊन प्रामाणिकपणे सांगितलं. "दहावं नाहीये. कारण मला तसं काही झालेलंच नाही."

डॉक्टरने कागदावर दहा लिहिले.

"काम काय करता?"

"लोकांना 'घाबरू नका' म्हणून सांगतो."

"आणि तुम्हाला कोण सांगतं?"

"मला कोण सांगणार? मी फोनच्या या बाजूला बसतो."

एवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी काही केलं नाही, फक्त खुर्चीचे दोन्ही हात धरले. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि वाजता फोन उचलून खणात टाकून खण लावून घेतला. खरं सांगतो, सहा वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं.

चिठ्ठी मिळाली : 'तीन आठवडे पूर्ण विश्रांती. घंटेपासून दूर.'

वाटलं, सुटलो. विश्रांती घेणं हे मी आजवर केलेलं सगळ्यांत कष्टाचं काम ठरेल, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

घरी आईने चिठ्ठी दोनदा वाचली आणि उलटी करून मागेही पाहिलं. "थकवा? अरे पण तू तर बसलेला असतोस!"

"आई, बसूनच येतो."

"तुझ्या बाबांनी एकोणतीस वर्षं उभं राहून काम केलं. त्यांना नाही कधी थकवा आला."

वर्तमानपत्रामागून बाबांचा आवाज आला, "आला होता. तू सांगू दिलं नाहीस."

मग दारावरची बेल वाजली आणि मी उभा राहून ओरडलो, "घाबरू नका! आत किती जण आहात?" बाहेरून दूधवाला म्हणाला, "बाहेर आहे. एकच आहे." आईने पहिल्यांदाच माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि ताईला फोन केला. ही चूक झाली.

माझ्या ताईला तक्ता केल्याशिवाय कुठलीही गोष्ट दिसत नाही. तिच्या लग्नाचाही तक्ता होता. भाऊजी त्यात बरोबर वेळेवर आले म्हणून टिकले. ती संध्याकाळी चार रंगांची पेनं घेऊन आली. "सुट्टी मंजूर होईपर्यंत घरच्या घरी सुरुवात करू," म्हणाली आणि विश्रांतीचं वेळापत्रक केलं. साडेपाचला उठणे (विश्रांतीसाठी). पाच चाळीस ते सहा, शांत बसणे. सहा ते सहा वीस, दीर्घ श्वास. मग ऑफिस. आल्यावर अर्धा तास काहीही न करणे, हिरव्या पेनाने. आणि रात्री जेवणाआधी दहा मिनिटं लाल पेनाने : चिंता करणे.

"फक्त दहा?" मी विचारलं.

"शास्त्रीय आहे. चिंतेला ठरावीक वेळ दिली की ती बाकी वेळ येत नाही."

दहा मिनिटांत मी जेमतेम सातव्या घंटेपर्यंत पोचायचो. उरलेल्या चार घंटा मग जेवताना कराव्या लागायच्या. तिसऱ्या दिवशी ताईचा निरोप आला, "आई सांगत होती काल पंधरा मिनिटं चिंता केलीस. उद्याची पाच कापली आहेत." विश्रांतीत मागे पडल्याबद्दल बोलणी खाणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच असेन.

शेजारच्या मास्तरांना हे कळलं. मास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण विद्यार्थी संपलेले नाहीत; इमारतीत जो सापडेल तो विद्यार्थी. "थकवा म्हणजे काय? न हसणं!" ते म्हणाले. "पहाटे बाल्कनीत उभा राहा आणि दहा मिनिटं मोठ्याने हस. कारण शोधू नकोस. कारण शोधलंस की हसू थांबतं."

मला नाही म्हणता येत नाही. तेही बहुधा अकरावं लक्षण असावं. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी बाल्कनीत उभा राहून, मनात धडधडती भीती घेऊन, दहा मिनिटं हसलो. आतून घाबरलेला माणूस बाहेरून हसतो तेव्हा कसा आवाज येतो, ते तुम्हाला ऐकायचं असेल तर आमच्या समोरच्या इमारतीतल्या बाईंना विचारा. त्यांनी आधी खिडकी लावली, मग पडदा ओढला, मग दिवा घालवला. संध्याकाळी आईला जिन्यात एका बाईने हळूच विचारलं, "मुलाची नोकरी गेली म्हणे? एकटाच हसतो?" आईने सांगितलं, "नोकरी आहे. विश्रांती घेतोय." मग म्हणे त्या बाईने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

इकडे ऑफिसात रजेचा अर्ज. आमच्या अर्जावर रजेची सहा कारणं छापलेली आहेत : आजारपण, लग्न, मृत्यू, बाळंतपण, कोर्ट, इतर. मी 'आजारपण'वर खूण केली. आवक खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी वाचली. "थकवा हा आजार नाही. थकवा सगळ्यांना असतो. 'इतर' करा." मी 'इतर' केलं. "'इतर'ला पुरावा लागतो."

"थकव्याचा पुरावा?"

"फोटो जोडा. थकवा दिसेल असा."

मी फोटो स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर म्हणाला, "जरा हसा." मी म्हटलं, "नको, गेल्या आठवड्यात खूप हसलोय." त्याने तसाच काढला, आणि प्रत देताना अभिमानाने म्हणाला, "डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी पुसून टाकलीत. त्याचं वेगळं काही नाही." अर्ज परत आला. शेरा होता, 'अर्जदार फोटोत टवटवीत दिसतो.' मी पुन्हा गेलो, वर्तुळं परत आणून द्या म्हणालो. फोटोग्राफरने ती परत आणली, पण त्याच्या हौसेने. जरा जास्तच आणली. दुसऱ्या फोटोत मी गेल्याच आठवड्यात वारलेला दिसत होतो. खिडकीतल्या माणसाला तो पसंत पडला. दोन्ही फोटो टाचून अर्ज सातव्या मजल्यावर आस्थापना विभागाच्या मॅडमकडे गेला.

आणि तिथे थांबला.

एक आठवडा. दोन. तीन. मॅडमची सही म्हणजे इमारतीतली शेवटची सही. आणि मॅडम गप्प. मी रोज जिन्याखालच्या खोलीच्या दारातून त्यांना येताना बघायचो. त्या लिफ्टने जात नसत. सात मजले जिन्याने चढत. मला वाटायचं, तब्येत राखून असतात. चढता चढता त्या एकदा माझ्या दाराकडे बघायच्या. रोज. तेवढंच. त्या नजरेचा मी रात्रीच्या लाल पेनाच्या वेळात अभ्यास करत असे, आणि माझा निष्कर्ष असा, की त्यांना सगळं कळलंय. आत जो कोण होता, त्याने तक्रार केली. तक्रार त्यांच्याकडे आहे. माझा अर्ज तक्रारीच्या खाली आहे. त्या योग्य वेळेची वाट बघतायत.

त्या तीन आठवड्यांत घंटा रोज वाजायची आणि मी उचलायचो. पण आता तिसऱ्या घंटेला. मग चौथ्या. गेल्या सोमवारी सहाव्या. हात दर वेळी थोडा उशिरा निघायचा. आमच्या मिस्त्रीसारखा.

बुधवारी मी ठरवलं, वर जायचं. सांगून टाकायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं. पण फोन सोडून उठता येत नाही. म्हणून वॉचमनमामांना बोलावलं. मामा पंचावन्नचे असतील, दारावर बसतात, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करतात. मी एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं :

१) घाबरू नका.
२) आत किती जण आहात?
३) माणूस निघालाय.
४) अडकलेला माणूस काहीही बोलेल. वाद घालू नये.

"फोन ठेवला की मिस्त्रीला कळवायचं," मी म्हटलं. "पाचच मिनिटांत येतो."

"तुम्ही निर्धास्त जा साहेब," मामा म्हणाले आणि शाळेतल्यासारखं कार्ड दोन्ही हातांत धरून बसले. मिस्त्रीला मी तासाभरापूर्वीच शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं.

अर्जाची माझ्याकडची प्रत, दोन्ही फोटोंसकट, घडी करून खिशात घातली आणि जिन्याकडे वळलो, तर पहिल्याच पायरीवर मॅडम. एक हात कठड्यावर, एक हात गुडघ्यावर.

"आज गुडघा ऐकत नाहीये," त्या म्हणाल्या. मग त्यांनी लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तुम्ही लिफ्टच्या फोनवरचे ना?"

"हो," मी म्हणालो. नाही म्हणून उपयोग नव्हता.

"वर जाताय? मग चला माझ्याबरोबर. तुम्ही असलात की नाही बंद पडणार."

या वाक्यावर काय उत्तर असतं, ते कार्डावर नव्हतं. आम्ही आत शिरलो. दार लागलं. एक. दोन. तीन. चार. मग गचका बसला आणि दिवा अर्धा झाला.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी भिंत धरली. मी सहा वर्षांचा अनुभव गोळा केला आणि म्हणालो, "घाबरू नका. आत किती जण आहात?"

"दोन," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आणि मी. तुम्हाला दिसतंय."

मी लाल बटण दाबलं. खालून, लिफ्टच्या पोकळीतून, माझ्या टेबलावरची घंटा ऐकू आली. आजवर मी तिला समोरूनच ऐकली होती. आतून ती वेगळी वाजते. फार लांबून, अगदी बारीक, आपलं नाव कुणीतरी विसरत चालल्यासारखी. एक. दोन. तीन. चार. पाच.

उचलला. "घाबरू नका," मामांचा आवाज आला.

"मामा! मी बोलतोय!"

"आत किती जण आहात?"

"अहो मामा, मी! आत्ता तुम्हाला बसवून आलो तो!"

बहुतेक त्यांनी कार्ड पाहिलं. "माणूस निघालाय."

"माणूस कुठे निघालाय मामा, मीच त्याला पार तिकडे पाठवलाय! त्याला सांगा, आपल्याच इमारतीत, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये..."

"अडकलेला माणूस काहीही बोलेल," मामांनी शांतपणे वाचलं. "वाद घालू नये." आणि फोन ठेवला.

मी त्यांना इतकं चांगलं शिकवलं होतं, की पुढची दोन मिनिटं मला स्वतःचा अभिमान आणि राग एकाच वेळी येत राहिला.

मॅडम हळूहळू भिंतीला टेकून खाली बसल्या. "खरं सांगा," त्या म्हणाल्या, "किती वेळ लागेल?"

हा प्रश्न मला रोज विचारतात. रोज मी "पाचच मिनिटं" म्हणतो. पण फोनवर चेहरा दिसत नाही. "एक तास," मी म्हणालो. "सव्वाही लागेल. मिस्त्री एकच आहे."

मला वाटलं, आता त्या किंचाळतील. त्यांनी उलट श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंत. तास म्हणजे तास. 'आत्ता येतो'चं काय करायचं ते कळत नाही माणसाला." मग चप्पल काढून पाय लांब केले. "मागच्या महिन्यात मी अडकले होते यात. मंगळवारी. एकटी. घंटा वाजत राहिली, कुणी उचललाच नाही."

मीही बसलो. म्हणजे बसावं लागलं.

"अकरा वेळा," माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी मान वळवली. "बारा."

"अकरा. मी मोजल्यात."

"मी आत होते. बारा."

"मी बाहेर होतो, मॅडम. फोनसमोर. एवढ्या अंतरावर." मी वीत करून दाखवली. वीत कमी-जास्त होत होती. "झोपलो नव्हतो. बघत होतो. हात उठला नाही."

त्या बराच वेळ काढलेल्या चपला नीट लावत बसल्या. लिफ्टमध्ये बराच वेळ फार मोठा असतो. तिथे इकडेतिकडे बघायलाही काही नसतं. समोर 'आठ व्यक्ती' अशी पाटी होती. ती मी पाच-सहा वेळा वाचली.

"मला वाटलं, खाली कुणी नसतंच," त्या शेवटी म्हणाल्या. "पाच आठवडे मला तेच वाटतंय. बटण नुसतं लावून ठेवलंय, मागे कुणी नाही. रोज जाताना तुमच्या दारात बघते, माणूस बसलाय का म्हणून. बसलेला असायचा. तरी वाटायचं."

"होतो. त्या दिवशीही होतो."

"हे जास्त वाईट की कमी वाईट, तेच मला कळेना."

"मलाही," मी म्हणालो. "म्हणूनच तुम्ही माझा अर्ज अडवलात ना?"

"कुठला अर्ज?"

"रजेचा. तीन आठवडे झाले. फोटोसकट. दोन फोटो आहेत."

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतायत. पण त्या नुसत्या तशाच बसून राहिल्या आणि हातांच्या आतून बोलल्या, "मी पाहिलाच नाही तो. कुठलाच नाही पाहिलाय. त्रेचाळीस आहेत खणात. सकाळी खण उघडायचे, सगळ्यांत वरच्या कागदाकडे बघायचे, बंद करायचे. कुणाचं लग्न असेल, कुणाची आई दवाखान्यात असेल. सगळे वाट बघत असतील. मागच्या आठवड्यात खणाला कुलूप लावलं आणि किल्ली घरी विसरले." थोडं थांबून म्हणाल्या, "विसरले नाही. ठेवून आले."

"हात उठत नाही?"

"उठतो. पेनही उचलतो. पुढे सरकत नाही."

पाच आठवडे मी जिला घाबरत होतो, ती लिफ्टला घाबरून सात मजले चढत होती आणि वर पोचल्यावर एका खणाला घाबरत होती. मी डॉक्टरच्या भिंतीवरचा तक्ता आठवून एकेक लक्षण विचारत गेलो. झोप? नाही. साधी कामं? नाही होत. आवाजाने दचकणं? "आत्ता तुम्ही 'घाबरू नका' म्हणालात तेव्हासुद्धा दचकले." बोटं मोजली. नऊ झाली.

"आणि दहावं?" त्यांनी विचारलं.

"आपल्याला काही झालेलं नाही असं वाटणं."

"छे, तसं काही नाहीये हो मला."

मी दहा धरले.

मग त्यांनी हात पुढे केला. "प्रत आहे का अर्जाची?" मी खिशातून काढून दिली. त्यांनी दोन्ही फोटो निरखून पाहिले, दुसरा पाहून "अरे देवा" म्हणाल्या, आणि पर्समधून पेन काढलं. पेन कागदावर टेकलं. टेकलेलंच राहिलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. घंटा वाजत असताना मी असाच दिसत असेन. मग मला जे येतं तेच म्हणालो, "घाबरू नका."

पेन सरकलं. 'मंजूर. सोमवारपासून तीन आठवडे.' सही एवढी वाकडी आली, की हिशोबनिसाने नंतर ती खरी आहे का म्हणून विचारलं.

"आणि तुमचा?" मी म्हटलं.

"माझा अर्ज मंजूर कोण करणार? तो माझ्याच खणात येतो."

"लिहा तर खरं." दुसरा कागद नव्हता. खिशात ताईचं विश्रांतीचं वेळापत्रक होतं, ते पालथं करून दिलं.

"कुणाला लिहू?"

"बटणामागे जे कोण असेल त्याला."

त्यांनी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. या सहीला कायद्यात काडीची किंमत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण कागद त्यांनी चार घड्या घालून पर्समध्ये नीट ठेवला, खणात न टाकता सरळ कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या हातात द्यायचा म्हणून. मग भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मीही मिटले. तक्ता नव्हता, हसायचं नव्हतं, दीर्घ श्वास नव्हता. नुसतं बसायचं होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. वर खडखडाट झाला, पाचव्या मजल्याचं दार वीतभर उघडलं आणि फटीतून मिस्त्रीचं तोंड आडवं दिसलं.

"अरे! साहेब, तुम्ही?" त्याने कुजबुजत विचारलं. "झोपला होतात का? ब्रेक धरलाय हिचा. अर्धा तास तरी खाईल. हवा येतीय ना?"

मी उत्तर देणार, एवढ्यात खाली घंटा वाजली.

माझ्या टेबलावरची. दुसऱ्याच कुठल्या तरी लिफ्टमधली. एक. माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि हवेतच थांबला. दोन. मॅडमनी डोळे उघडले. तीन. त्यांचे ओठ हलत होते. त्याही मोजत होत्या. चार. मिस्त्रीसुद्धा पाना हातात धरून तसाच थांबला. पाच. मामा जागेवर असतील ना? सहा.

सातवी अर्धवट तुटली. "घाबरू नका," पोकळीतून मामांचा आवाज वर आला. "आत किती जण आहात?... एकट्याच?... रडू नका बाई. माणूस निघालाय."

माणूस आमच्यासमोर पोटावर पालथा पडला होता. त्याने खाली पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "आता कुणाचं आधी?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा गुडघा, त्यांचा पांढरा चेहरा, अर्धा दिवा.

"एकट्या आहेत त्या," मॅडम म्हणाल्या. "तिकडे जा आधी. आम्ही दोघं आहोत."

मिस्त्री उठला. जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. आधी चालत, मग धावत. माझा हात अजून हवेतच होता. तो मी हळूच खाली घेतला.